खाली आणखी आहे

मंगळवारी सकाळी काकूंना नणंदेचा फोन आला, आणि नणंद चक्क सांत्वन करू लागली.

"जाऊ दे गं वहिनी, मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं. पुढच्या वर्षी करालच."

"काय करू पुढच्या वर्षी?" काकूंनी चहा ढवळता ढवळता विचारलं.

"नाटक गं. तुमचं रद्द झालं ना. मी मुद्दामच इतके दिवस विषय काढला नाही."

काकूंचा चमचा कपातच थांबला. नाटक रद्द झाल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट थोड्या वेळापूर्वीच त्या आरशासमोर खोट्या मिशा लावून आपली वाक्यं म्हणत होत्या.

"वन्सं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? नाट्यगृहाच्या पानावर बघितलं की. बाकी सगळे आहेत. गाणी आहेत, बालनाट्य आहे, कसलं तरी व्याख्यान आहे, तो जादूगार आहे. तुमचं तेवढं नाही. आणि दादानंच बनवलंय ना ते पान? तो चूक थोडीच करणार."

काकूंनी फोन ठेवला आणि आतल्या खोलीच्या दिशेनं, ज्या सुरात त्या फक्त गॅस संपल्यावर बोलत, त्या सुरात हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

आत जुळारीकाका लॅपटॉपसमोर बसले होते. उभी हयात छापखान्यात शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना जुळारीकाका म्हणत. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणून वेबसाइटची पानं बनवायला शिकून घेतलं. काम चोख करायचे, पण आपल्याला ते येतं यावर त्यांचा स्वतःचा कधीच विश्वास बसला नाही. कोणी पान छान झालंय म्हणालं, की ते आधी मागे वळून बघत, दुसऱ्या कोणाला तर म्हणत नाही ना.

गावातल्या छोट्या नाट्यगृहाचं पान त्यांनीच बनवलं होतं. त्यात आठवड्याच्या कार्यक्रमांची एक चौकट होती आणि तिच्या खाली खुर्च्यांचा नकाशा. चौकटीत चार कार्यक्रम मावत. त्याहून जास्त असले तर चौकट आतल्या आत वरखाली सरकवायची. आणि हे लोकांना कळावं म्हणून काकांनी चौकटीखाली एक लाल पट्टी ठेवली होती, 'खाली आणखी आहे' असं लिहिलेली. ती दरवेळी दिसत नसे. चौकटीला स्क्रोलबार, म्हणजे कडेची सरकवायची दांडी, आहे की नाही हे काकांचा कोड आधी तपासून बघे, आणि असला तरच पट्टी दाखवी. या हुशारीचा काकांना मनातल्या मनात थोडा अभिमानही होता. तसा तो क्वचितच असे.

काकूंनी सगळं सांगितल्यावर काकांनी लॅपटॉपच त्यांच्याकडे वळवला. "अगं, हे बघ. ही उजवीकडे दांडी. ही खाली पट्टी. दांडी ओढली की हे तुमचं. 'लिफ्ट बंद आहे', विनोदी नाटक, रविवार संध्याकाळ. आता कोणी बघितलंच नाही तर मी काय करू?"

काकूंनी आपला फोन काढला, तेच पान उघडलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवला. फोनवर चार कार्यक्रम होते. दांडी नव्हती, पट्टी नव्हती. शेवटच्या ओळीखाली चौकट अशी नेटकी मिटली होती की त्याखाली काही असेल अशी शंकासुद्धा कोणाला आली नसती.

"फोन जुना आहे तुझा," काका म्हणाले.

"मीही जुनीच आहे. म्हणून काय मी दिसत नाही?"

'लिफ्ट बंद आहे' हे पाच बायकांचं नाटक होतं. त्यातल्या चौघी लिफ्टमध्ये अडकतात आणि पाचवी, म्हणजे काकू, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा मिशाळ मेकॅनिक असते, तीही मग आत अडकते. दिग्दर्शन एका निवृत्त नर्सबाईंचं. त्यांना सगळ्या सिस्टर म्हणत आणि इंजेक्शनला घाबरावं तशा घाबरत. काकूंना शाळेपासून रंगमंचावर जायचं होतं. आधी वडील नको म्हणाले, मग मुलं लहान होती, मग सासूबाई आजारी, मग नुसतीच वर्षं गेली. आता कुठे योग आला होता.

बुधवारी सकाळी सिस्टरचा फोन आला, आणि तो सांत्वनाचा नव्हता.

"तुमच्या यजमानांना विचारा, आपलं एकही तिकीट का खपलं नाही. व्यवस्थापक म्हणतोय, शुक्रवारी दुपारपर्यंत पाव सभागृह भरलं नाही तर रविवार जादूगाराला देणार. शनिवारचा त्याचा खेळ भरलाय, त्याला रविवारही हवाय. नियमच आहे म्हणे त्यांचा."

काकूंनी निरोप दिला आणि त्या पुन्हा मिशा लावून आरशासमोर उभ्या राहिल्या. काकांना तेच जास्त लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ते चप्पल घालून थेट नाट्यगृहात गेले.

तिकीट खिडकीतल्या मुलीनं त्यांना आपल्या फोनवर पान उघडून दाखवलं. चारच कार्यक्रम. काकांनी तिला चौकटीवर बोट ठेवून वर सरकवायला सांगितलं, तसा खालून पाचवा आला.

"अय्या, हे इथे होतं? काका, मी रोज बघते हे पान. लोकांना सांगतेय, रविवारी काही नाही म्हणून."

काकांनी फोनवरून मान वर केली. "लोकांना सांगतेस?"

"विचारतात ना बिचारे. परवा एक बाई तर अख्ख्या इमारतीसाठी विचारत होत्या."

फोनवर स्क्रोलबार दिसत नाही, बोट लावल्यावर क्षणभर उमटतो, एवढं काकांना ठाऊक होतं. पण पट्टी त्यासाठीच तर ठेवली होती. फोनला कोडचं वावडं असेल अशी स्वतःची समजूत घालत ते व्यवस्थापकाच्या खोलीत गेले. व्यवस्थापकाकडे लॅपटॉप होता.

"तुमच्यासारखाच घेतला, तुमचाच बघून," व्यवस्थापक कौतुकानं म्हणाला आणि पान उघडलं. चार कार्यक्रम. पट्टी नाही.

म्हणजे फोनचा दोष नव्हता. तसाच लॅपटॉप, तेच पान, तोच कोड, आणि घरी जे दिसतं ते इथे दिसत नाही. काका खुर्चीवर बसले.

"ही चौकटच थोडी उंच करू का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"नको हो. खुर्च्यांचा नकाशा खाली गेला की लोक तिकीट काढत नाहीत. मागे बघितलं ना आपण." व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. "काका, तुमच्या मंडळींचं नाटक आहे, मला का नको असेल? पण विजेचं बिल भरायला मला प्रेक्षक लागतात. शुक्रवार दुपार."

घरी परतताना काकांना एक युक्ती सुचली आणि दारातच त्यांनी ती काकूंना सांगितली. "सोपं आहे. तुमचं नाटक यादीत सगळ्यात वर टाकतो. मग बघू कसं दिसत नाही ते."

"वर का?"

"म्हणजे दिसेल."

"वाराप्रमाणे लावलीय ना यादी? रविवार शेवटीच येणार. आणि आम्ही वर गेलो की जादूगार खाली जाणार. मग त्याच्या घरी फोन यायचे सांत्वनाचे." काकूंनी त्यांच्या हातातून छत्री घेऊन खुंटीला लावली. "पान बनवणाऱ्याची बायको म्हणून वर बसायचं नाही मला. पान नीट करा."

"मला नाही सापडत गं चूक."

"आज नाही सापडत. उद्या गुरुवार आहे."

गुरुवारी सकाळपासून काका कोडसमोर बसले. ओळ अन् ओळ वाचली. काही चुकलेलं नव्हतं. चौकटीची बाहेरची रुंदी घ्यायची, त्यातून आतली रुंदी वजा करायची. काही उरलं तर तेवढी जागा स्क्रोलबारनं खाल्लेली, म्हणजे स्क्रोलबार आहे. काही उरलं नाही तर नाही. यात चुकण्यासारखं होतं काय? त्यांनी पान पुन्हा पुन्हा उघडलं. दरवेळी दांडी होती, दरवेळी पट्टी होती. छापखाना बंद पडला तेव्हाच आपण गपचूप घरी बसायला हवं होतं, आता या वयात बायकोचं नाटक बुडवून बसलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना भूकही लागेना.

दुपारी काकू तालमीला निघाल्या. लिफ्टचे आवाज लॅपटॉपमध्ये होते, त्यामुळे तो त्यांना हवा होता.

"आत्ता?" काका म्हणाले. "मी मोजतोय."

"तुम्ही सकाळपासून मोजताय. सिस्टर उशीर खपवून घेत नाहीत. द्या इकडे." आणि त्यांनी माऊसची वायर खस्सकन उपसली. काकांना बोटांनी लॅपटॉप चालवणं कधी जमलं नव्हतं. त्यांचा माऊस घेतल्या दिवसापासून लावलेलाच असे. "हे शेपूट कशाला घेऊन जाऊ?"

"अगं, निदान पान तरी बंद करू दे," म्हणत काकांनी घाईत चुकीचं बटण दाबलं. पान बंद व्हायच्याऐवजी नव्यानं उघडलं.

चार कार्यक्रम. दांडी नव्हती. पट्टी नव्हती.

दोघंही वाकून बघत राहिली.

"मी काही केलं नाही हं," काकू म्हणाल्या.

"केलंस. थांब. तू केलंस." काकांनी माऊस परत लावला आणि पान पुन्हा उघडलं. दांडी आली, पट्टी आली. उपसला, उघडलं. गेली. लावला. आली.

"मला करू द्या," काकू म्हणाल्या, आणि लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तशा त्या माऊस लावत आणि काढत बसल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी काकांना हसू फुटलं. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते.

"काय झालंय ते मला समजेल असं सांगा," काकू म्हणाल्या.

"हे यंत्र बघतं, की माणसाकडे माऊस आहे का. असेल तर त्याला धरून ओढायला काहीतरी हवं, म्हणून जाड दांडी देतं. नसेल तर म्हणतं, हा बोटांनी सरकवणार, याला दांडी कशाला. मग ती लपवून ठेवतं, आणि ती जागाच खात नाही. मी आपला जागा मोजतोय. उरलं शून्य. माझा कोड म्हणतो, दांडी नाही, म्हणजे खाली काही नाही."

"पण खाली तर आम्ही आहोत."

"तुम्ही आहातच."

"मग दांडीला कशाला विचारायचं?" काकू ओढणीवजा शाल खांद्यावर टाकत म्हणाल्या. "छापखान्यात तुम्हाला कोण सांगायचं, मजकूर रकान्यापेक्षा जास्त झाला ते? तिथे होती का दांडी?"

"तिथे कसली दांडी. मजकूर मोजायचा. रकाना मोजायचा. मजकूर लांब निघाला की ओव्हरमॅटर..." काका बोलता बोलता थांबले. मग खुर्ची ओढून बसले.

काकूंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग फोन लावला. "सिस्टर, मला जरा उशीर होतोय. हो. लिफ्टचा आवाज आज तोंडानंच काढा."

चौकटीला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या पोटातला सगळा मजकूर मिळून उंची किती, आणि त्यातलं बाहेर दिसतंय किती. पहिला आकडा मोठा असेल आणि चौकटीला सरकायची मुभा असेल, तर खाली आणखी आहे. दांडी दिसो, लपो, नाहीतर तिचा रंग बदलो. काकांनी जुनी वजाबाकी खोडली आणि ही नवी लिहिली. ती जुनीपेक्षा लहान होती. त्यांनी पान चढवलं आणि काकूंनी फोनवर उघडलं.

"आली. लाल आली."

काकांचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, तेवढ्यात काकू पुढे म्हणाल्या, "पण ही इथेही आलीय. नियमांच्या चौकटीखाली."

नाट्यगृहाचे नियम एका वेगळ्या चौकटीत होते, तिलाही तोच कोड लावलेला होता, आणि ते सगळेच्या सगळे मावत होते. काकूंनी बोटानं वर सरकवून पाहिलं. काही हललं नाही. "खाली आणखी आहे म्हणते आणि दाखवत काहीच नाही. आपल्या व्याख्यानवाल्यांसारखं."

काका परत मोजायला बसले. मजकुराची उंची चौकटीपेक्षा पडद्यावरच्या अर्ध्या ठिपक्यानं जास्त भरत होती. यंत्र अपूर्णांक सांगत नव्हतं, ते पूर्ण आकडा करून सांगत होतं, आणि त्या करण्यात एक ठिपका उगाच वाढत होता. छापखान्यात असा केसभर फरक कोणी मोजत नसे, अंगठ्यानं दाबला की बसायचा. काकांनी कोडला एका ठिपक्याची सूट दिली. नियमांखालची पट्टी गेली, कार्यक्रमांखालची राहिली.

"झालं?" काकूंनी विचारलं.

काकांनी फोन हातात धरून लांब केला, जवळ केला. "एक राहिलंय. पण ते मला बघवणार नाही."

चौकटीची उंची त्यांनी अशी बेतली होती की चार कार्यक्रम बरोब्बर मावावेत आणि पाचव्याचा कानामात्रासुद्धा कडेला कापलेला दिसू नये. अर्धी ओळ कापलेली दिसणं ही छापखान्यातली सगळ्यात मोठी नाचक्की. पण त्या नेटकेपणामुळेच लोकांना वाटत होतं की यादी इथेच संपली. पट्टी नसती तरी, एखादी ओळ अर्धवट दिसली असती, तर कोणीतरी बोट लावलंच असतं. काकांनी डोळे अर्धे मिटून उंची थोडी कमी केली. चौथा कार्यक्रम वर चढला नाही, पण चौकटीच्या कडेनं त्याचं शेवटचं वाक्य मधोमध कापलं. त्यांना ते बघवेना.

"उलट केलंत," काकू म्हणाल्या. "वाढवा की जराशी. नकाशा केसभर खाली गेला तर व्यवस्थापक मरत नाही."

काकांनी वाढवली. पाचव्या ओळीतल्या अक्षरांची नुसती डोकी दिसू लागली.

"असं. आता बरं दिसतंय. कोणीतरी खालून मान वर करून बघतंय." त्यांनी लॅपटॉप उचलला, माऊस टेबलावरच ठेवला आणि तालमीला गेल्या.

शुक्रवारी सकाळी काका खुर्च्यांच्या नकाशासमोर बसले. रिकामी खुर्ची पांढरी, विकलेली लाल. रविवारचा नकाशा भाताच्या ताटासारखा पांढराफटक होता. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांनी काहीही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण दर थोड्या वेळानं त्या भांडं जोरात आपटत होत्या, आणि त्याचा अर्थ काकांना कळत होता.

"अजून नाही," ते म्हणत.

मग पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या लाल झाल्या. काकांनी चष्मा पुसला. शेजारची एक लाल झाली. मग तिच्या शेजारची.

"अगं, कोणीतरी रांग खातंय."

काकू कणकेचे हात घेऊन आल्या. तेवढ्यात फोन वाजला. नणंद होती. "वहिनी, लबाड, सांगितलं नाहीस ते. आहे की तुमचं नाटक. खाली आणखी आहे म्हणून लिहिलंय ठळक. मी आमच्या अख्ख्या इमारतीची काढतेय, मागे पण विचारून आले होते मी, तेव्हा ती खिडकीतली मुलगी नाही म्हणाली. ठेव आता, मला अजून वरच्या मजल्याची काढायचीत."

त्यानंतर लाल ठिपके कुठेही उमटू लागले, कोपऱ्यात, बाल्कनीत, खांबामागच्या त्या खुर्चीवरसुद्धा जिथून नुसता पडदाच दिसतो. काका मोजत होते आणि दरवेळी मधेच विसरत होते. काकू त्यांच्या मागे उभ्या राहून त्यांच्या खांद्यावर कणीक लावत होत्या आणि ते दोघांच्याही लक्षात नव्हतं. दुपारी व्यवस्थापकाचा फोन आला.

"काका, जादूगाराला नाही म्हणून कळवलं."

"रागावला का हो?"

"छे. त्यानंच दोन तिकिटं काढली. म्हणाला, माझ्यापुढे कोण गेलं ते बघू तरी."

रविवारी संध्याकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून नाट्यगृहाशी पोचले, तर बाहेर ही गर्दी. खिडकीसमोर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली होती. काकांनी रांगेतून वाट काढत खिडकीत डोकं घातलं.

"या, काका. तुमचा नंबर कोणता?" मुलीनं विचारलं.

काकांनी खिसे चाचपले. या आठवड्यात त्यांनी सगळ्या जगाला तिकीट कसं काढायचं ते दाखवलं होतं. स्वतःचं काढायला ते विसरले होते.

"माझं नाही गं काढलेलं."

"अरे देवा. एक पण नाही हो उरलं. खांबामागचं पण गेलं." ती खरंच रडकुंडीला आली. "आता?"

"आता काही नाही," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मुलीला वाटलं, काकांना नीट ऐकू आलं नाही.

त्यांनी सगळं नाटक मागच्या दाराला टेकून उभ्यानं बघितलं. चौघी अडकल्या तेव्हा लोक हसले. मेकॅनिक हातोडी घेऊन आला तेव्हा नणंदेच्या इमारतीनं टाळ्या वाजवल्या. मध्यावर घामानं काकूंची अर्धी मिशी सुटून लोंबायला लागली. सिस्टर विंगेतून डोळे वटारू लागल्या. काकूंनी शांतपणे ती मिशी उपटली, घडी करून खिशात ठेवली आणि बाकीच्या चौघींना म्हणाल्या, "ओव्हरटाइम सुरू झाला की मी मिशी काढून ठेवतो. कंपनीची आहे." हे वाक्य नाटकात नव्हतं. सभागृह असं खदखदून हसलं की पुढची दोन वाक्यं कोणालाच ऐकू गेली नाहीत. काका मात्र सगळ्यांच्या नंतर हसले, कारण ते रंगमंचाकडे बघतच नव्हते. ते हलणारी डोकी बघत होते, पहिल्या रांगेपासून आपल्यापर्यंत.

नाटक संपल्यावर ते रंगपटात गेले. तिथे पाचही जणी एकदम बोलत होत्या आणि सिस्टर मिशीबद्दल रागवायचं की नाही ते ठरवत होत्या. काकू अजून मेकॅनिकच्या डगल्यात होत्या. ओठावर डिंकाचा लाल वळ उमटला होता.

"कुठे बसला होतात? पहिल्या रांगेत शोधलं मी."

"बसलो नव्हतो. मागे उभा होतो."

"उभे? गुडघे आहेत का जागेवर? बसायचं नाही का मग?"

"जागा नव्हती," काका म्हणाले.

काकू आरशासमोरून वळल्या. बाकीच्यांना हातानं गप्प केलं.

"काय म्हणालात?"

"जागा नव्हती गं कुठे."

"परत म्हणा," काकू म्हणाल्या आणि स्टुलावर नीट ऐसपैस बसल्या. "सावकाश म्हणा. सिस्टरना ऐकू आलं नाही."